चुलीचे गणित : मिळकत, माणसे आणि ताट

घरात काय शिजते ते घरातील माणसांच्या आवडीवर ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. आवड ही खरी, परंतु ती फार उशिरा बोलू लागते. तिच्या आधी तीन गोष्टी बोलून गेलेल्या असतात. घरात महिन्याला येते किती, पानावर बसणारी माणसे किती आणि बाजारात कोणत्या जिनसाला काय भाव आहे, या तिन्हींचा हिशेब चुकता झाल्यावर जे काही उरते, तेवढ्यापुरतीच माणसाची आवडनिवड चालते. श्रीमंताच्या घरी हे उरणे बरेच असते, म्हणून तेथे जेवण हा रुचीचा विषय होतो. गरिबाच्या घरी काहीच उरत नाही, आणि म्हणूनच तेथे जेवण हा गणिताचा विषय असतो. हे गणित कोणी पाटीपेन्सिल घेऊन करीत नाही. घरची बाई डब्यात हात घालून, पीठ चाचपून ते रोज दोन वेळा करीत असते.

हे गणित कसे चालते हे समजून घ्यायला दादरा-नगर हवेलीसारखा मुलूख फार सोयीचा आहे. सिल्वासाच्या परिसरातील खेरडी आणि तिच्यासारखी गावे घेतली, तर एकाच शिवारात दोन काळ शेजारी शेजारी नांदताना आढळतात. हा प्रदेश १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पोर्तुगीजांच्या अमलातून मुक्त झाला, १९६१ साली भारतीय संघराज्यात रीतसर सामील झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव यांच्यासह एकच केंद्रशासित प्रदेश बनला. १९६१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या अठ्ठावन्न हजारांच्याही आत होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ भरली. पन्नास वर्षांत सहापट, ही काही केवळ पाळण्यांनी झालेली वाढ नव्हे. सूत, प्लॅस्टिक आणि तत्सम मालाचे कारखाने आले, त्यांच्यामागून देशाच्या कानाकोपऱ्यांतून कामगार आले. तरीही २०११ च्या गणनेप्रमाणे निम्म्याहून थोडी अधिक वस्ती आदिवासींचीच होती : वारली, कोकणा, धोडिया, काथोडी आणि इतर. म्हणजे एका घरी वरकस जमिनीतील नागली आणि पावसाळी भात यांवर वर्ष काढायचे, तर दुसऱ्या घरी महिन्याच्या पगारावर. कित्येक घरांत तर हे दोन्ही व्यवहार एकाच चुलीभोवती चालतात : बाप शेतावर, मुलगा कारखान्यात.

शेतावर चालणाऱ्या चुलीचे वर्ष सरळ रेषेत जात नाही. कापणीनंतरचे महिने भरल्या कणगीचे, तर आषाढ-श्रावण रित्या कणगीचे. नेमके याच दिवसांत लावणीचे काम कंबर मोडणारे असते आणि शरीराला अन्न अधिक लागते. हे दिवस काढण्यासाठी पूर्वी ‘खावटी’ उचलण्याची रीत होती. जमीनदाराकडून वा सावकाराकडून पावसाळ्यात धान्य घ्यायचे आणि पीक आल्यावर ते वाढीदिढीने फेडायचे. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात १९४५ साली वारल्यांनी जो उठाव केला, त्याच्या मुळाशी वेठबिगारी होती, तशीच ही रिकामी कणगीही होती. महाराष्ट्र सरकारने पुढे आदिवासींसाठी खावटी कर्जाची योजना काढली, तेव्हा जुनाच शब्द नव्या अर्थाने कागदावर आला. या रिकाम्या महिन्यांत रान मदतीला येई. पहिल्या पावसाबरोबर वर येणारी शेवळे, मागून टाकळा, कुर्डू, बांबूचे कोंब, कंद, ओढ्यातले मासे आणि खेकडे. शहरातल्या पाहुण्याला ही मेजवानी वाटते. ज्या घरात त्या दिवशी भाकरीला पीठ नाही, तेथे तीच भाजी म्हणजे नाइलाज असतो. पदार्थ एकच, परंतु मिळकतीप्रमाणे त्याचा अर्थ पालटतो.

मिळकत आणि अन्न यांच्या नात्याचा पहिला नीट अभ्यास एका जर्मन संख्याशास्त्रज्ञाने केला. एर्न्स्ट एंगेल हे त्याचे नाव. बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या खर्चाचे तपशील गोळा झालेले होते. ते तपासून १८५७ साली त्याने असे दाखविले की, कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. जी कुटुंबे सार्वजनिक मदतीवर कशीबशी जगत होती, त्यांच्या शंभरांतले सुमारे ७१ भाग पोटात जात. जी मदतीवाचून तगून होती, त्यांचे ६७. आणि जी जरा सुखवस्तू होती, त्यांचे ६२. येथे एक घोटाळा नेहमी होतो, तो टाळला पाहिजे. मिळकत वाढली म्हणजे अन्नावरचा खर्च कमी होतो, असे एंगेल म्हणत नाही. खर्च वाढतोच, परंतु मिळकतीच्या मानाने कमी वेगाने वाढतो, म्हणून त्याचा वाटा घटतो. पोटाला मर्यादा आहे. भाडे, कपडालत्ता, प्रवास, शिक्षण आणि हौस यांना ती नाही.

मुंबई इलाख्यात या नियमाची पारख फार लवकर झाली. सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये मुंबईतील कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली आणि १९२३ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. गिरणगावातल्या कुटुंबांच्या खर्चापैकी शेकडा ५७ च्या आसपास रक्कम अन्नावर जात असल्याचे त्यात आढळले. त्याहून बोचरा होता तो पुढचा निष्कर्ष. मुंबईचा कामगार जितके धान्य खातो ते दुष्काळाच्या नियमावलीने मान्य केलेल्या कमाल प्रमाणाइतके भरते, परंतु मुंबईच्या तुरुंगांच्या नियमावलीत कैद्याला जो आहार नेमून दिला होता, त्याहून ते कमीच होते. दिवसभर माग चालविणाऱ्या मोकळ्या माणसापेक्षा बंदिवानाचे ताट अधिक भरलेले, ही गोष्ट सरकारी अहवालातच छापली गेली, हे एका परीने बरे झाले. त्या पाहणीत सडे राहणारे पुरुष वेगळे मोजले होते, हीही ध्यानात घेण्यासारखी गोष्ट आहे; कारण एकट्या माणसाचे खाणे हे कुटुंबाच्या खाण्याचा पाचवा हिस्सा नसते, ते निराळेच असते. तो चूल पेटवीत नाही, खानावळीत जेवतो. सिल्वासाच्या चाळींतून राहणाऱ्या एकट्या कामगारालाही हेच लागू पडते.

अन्नाचा वाटा घटतो हे एक झाले. त्या अन्नाच्या आत काय घडते हे त्याहून महत्त्वाचे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मेरिल बेनेट याने १९४१ च्या सुमारास असे मांडले की, मिळकत वाढू लागली की माणूस आपले उष्मांक धान्य व कंदमुळे यांतून कमी आणि इतर पदार्थांतून अधिक घेऊ लागतो. याचे कारण किमतीत आहे. एक उदाहरण घेऊ. समजा, तांदूळ ४० रुपये किलो आहे. एका किलोत सुमारे साडेतीन हजार उष्मांक असतात. म्हणजे शंभर उष्मांक सव्वा रुपयाच्या आत पदरी पडतात. साखर ४५ रुपयांनी घेतली तर तिचाही हिशेब जवळजवळ तेवढाच येतो. तेल १४० रुपये किलो धरले तरी शंभर उष्मांकांना दीड रुपयाच्या आसपास पडतो. मात्र ६० रुपये लिटरच्या दुधातून तेवढेच उष्मांक घ्यायचे तर नऊ रुपये, आणि सात रुपयांच्या अंड्यातून घ्यायचे तर दहा रुपये लागतात. पालेभाजी उष्मांकांसाठी कोणी खातच नाही.

हा जिना पाहिला की गरीब घराच्या पुष्कळ सवयी आपोआप उलगडतात. जिला दिवसाकाठी सगळ्यांची पोटे भरायची आहेत, ती बाई दुधापासून सुरुवात करणार नाही. ती तांदळापासून करील, आणि हाती चार पैसे अधिक आले तर तेल व साखर यांकडे वळेल. चहात साखर जास्त आणि दूध नावापुरते, ही चैन नव्हे, तो काटकसरीचा हिशेब आहे. पाच रुपयांच्या फरसाणाच्या वा बिस्किटांच्या पुडीचे खेड्यापाड्यांतील यश यातच आहे : पीठ, तेल आणि साखर अथवा मीठ हे स्वस्त उष्मांक तिने एका चकचकीत कागदात बांधून दिले आहेत, आणि त्यांना चूल, सरपण वा वेळ यांपैकी काहीच लागत नाही. गरिबाला खायची अक्कल नाही, असे म्हणणारे लोक पुष्कळ भेटतात. खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर त्याची अक्कल त्यांच्याहून काकणभर सरसच असते. शरीराला उष्मांकांखेरीज प्रथिने, लोह, चुना आणि जीवनसत्त्वे यांचीही गरज लागते, आणि ती या स्वस्त पायऱ्यांवर फारशी मिळत नाहीत, ही अडचण निराळी.

नागलीची कथा या जिन्यात नीट बसत नाही, आणि म्हणूनच ती सांगण्याजोगी आहे. कुन्नूर आणि पुढे हैदराबाद येथील पोषण-प्रयोगशाळांनी भारतीय अन्नपदार्थांचे जे कोष्टक तयार केले, त्याप्रमाणे शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३४४ मिलिग्रॅम चुना असतो. तेवढ्याच गाईच्या दुधात तो १२० च्या आसपास, आणि सडलेल्या तांदळात जेमतेम दहा. नागलीतला सगळाच चुना शरीर शोषून घेत नाही हे खरे. तरीही दूध ज्याच्या आवाक्याबाहेर आहे त्याला डोंगरउतारावरच्या या काळपट दाण्याने पिढ्यान्‌पिढ्या मोठा आधार दिला. असे असूनही हातात पैसा येताच प्रथम उतरते ती नागलीची भाकरी आणि वर चढतो तो पांढरा भात. याला किंमत हे कारण नाही. येथे प्रतिष्ठा बोलते. पांढरा भात हे पुढे गेल्याचे लक्षण, आणि नागली व अंबील हे मागे राहिल्याचे. गंमत अशी की, संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि शहरातल्या दुकानांत नागलीच्या पिठाला, बिस्किटांना मान आला. ज्याने ती टाकली तो प्रतिष्ठेसाठी, आणि ज्याने उचलली तोही बऱ्याच अंशी प्रतिष्ठेसाठीच!

आता माणसांकडे वळू. कुटुंब म्हणजे काय याची संख्याशास्त्रज्ञांची व्याख्या मोठी घरगुती आहे. नात्यागोत्यात न शिरता, जी माणसे सामान्यतः एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातले अन्न खातात, ते एक कुटुंब. भाऊ एका छपराखाली राहूनही वेगळी चूल मांडतात तेव्हा मराठीत ‘वेगळे निघाले’ असेच म्हणतात. संख्याशास्त्राने तेच मान्य केले आहे.

परंतु माणसे नुसती मोजून भागत नाही, कारण दोन वर्षांचे मूल आणि कुदळ चालविणारा पुरुष यांची भूक एक नव्हे. म्हणून आहारशास्त्रज्ञ ‘उपभोग-एकक’ वापरतात. बैठे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाला १ धरले तर तसेच काम करणाऱ्या स्त्रीला ०·८, नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला ०·८, सात ते नऊच्या मुलाला ०·७, पाच ते सातच्या ०·६, तीन ते पाचच्या ०·५ आणि एक ते तीनच्या ०·४. जड कामाच्या पुरुषाला १·६ आणि स्त्रीला १·२ धरतात. ती भानगड तूर्त बाजूला ठेवू.

दोन घरे कल्पू. दोन्ही घरांची मासिक मिळकत बारा हजार रुपये. पहिल्या घरी नवरा, बायको आणि चार वर्षांचे एक मूल, एकके २·३. दुसऱ्या घरी नवरा, बायको, म्हातारी आई आणि अकरा, आठ, सहा व दोन वर्षांची चार मुले; माणसे सात, एकके ५·१. एका एककाला महिन्याला बारा किलो धान्य लागते असे धरू. पहिल्या घराला २८ किलो, दुसऱ्याला ६१. दोन्ही घरे रास्त भावाच्या दुकानातून माणशी पाच किलो धान्य आणतात. पहिल्याला १५ किलो मिळून १३ विकत घ्यावे लागते, दुसऱ्याला ३५ मिळून २६ घ्यावे लागते. चाळीस रुपये दराने पहिल्याचे ५२० रुपये जातात, दुसऱ्याचे १,०४०. येथवर फारसे बिघडत नाही, शिधा दोघांनाही सांभाळून घेतो. पुढे डाळ येते. एककाला रोज साठ ग्रॅम धरली तर १२० रुपये दराने पहिल्या घरी महिन्याला सुमारे ५०० रुपये, दुसऱ्या घरी १,१००. एककाला रोज पाव लिटर दूध धरले, तर पहिल्या घरी सुमारे १,०३५ रुपये आणि दुसऱ्या घरी २,३००. एवढ्या तीनच जिनसांवर पहिल्या घराच्या मिळकतीतील शेकडा १७ रुपये जातात, दुसऱ्या घराच्या ३७. भाजी, तेल, मीठमिरची, मासळी, सरपण वा गॅस, औषध, शाळा, बसभाडे, लग्नकार्य हे सगळे अजून यायचेच आहे.

दुसऱ्या घरची बाई काय करील हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. ती प्रथम दुधाला कात्री लावील. सगळ्या घराला मिळून रोज अर्धा लिटर, तोही चहापुरता, एवढ्यावर आणले तर महिन्याला चौदाशे रुपये सुटतात. पुढे डाळीचे वरण जाऊन पातळ आमटी येईल. भात मात्र कमी होणार नाही, उलट थोडा वाढेल, कारण दुधाडाळीने सोडलेली जागा त्यालाच भरून काढायची आहे. म्हणजे माणसे वाढली की पोट रिकामे राहतेच असे नाही. ताटातला पांढरा भाग वाढत जातो आणि बाकीचे रंग उडत जातात. मूल भरपूर खाते, तरी अंग धरत नाही, ही पुष्कळ आयांची तक्रार असते. तिचे उत्तर बहुधा या पांढऱ्या रंगात सापडते.

शिधावाटपाच्या कायद्यातही कुटुंबाच्या आकारमानाची मोठी गंमत दडलेली आहे, आणि ती ज्यांच्या घरी शिधापत्रिका आहे त्यांनी अवश्य समजून घ्यावी. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने दोन प्रकारची कुटुंबे केली. ‘प्राधान्य’ कुटुंबाला माणशी दरमहा पाच किलो धान्य. ‘अंत्योदय’ कुटुंबाला, म्हणजे गरिबांतल्या गरिबाला, घरटी पस्तीस किलो. मग घरात माणसे तीन असोत की दहा. १ जानेवारी २०२३ पासून दोहोंनाही हे धान्य विनामूल्य मिळू लागले. हिशेब केला तर सात माणसांच्या घरी दोन्ही पत्रिका सारख्याच पडतात. तिघांच्या अंत्योदय घराला माणशी बारा किलोंच्या जवळपास मिळते. परंतु दहा माणसांचे अंत्योदय घर माणशी साडेतीन किलोवर येते, आणि त्याच्याहून बऱ्या स्थितीतले म्हणून मोजलेले दहा माणसांचे प्राधान्य घर पन्नास किलो घेऊन जाते. अतिगरिबांसाठी म्हणून केलेली सवलत घर मोठे होताच तोट्याची ठरते! कायदा करणाऱ्यांचा हा हेतू खास नव्हता. घर हे एकक धरले की माणूस नजरेआड होतो, एवढाच त्याचा अर्थ.

तथापि मोठे कुटुंब म्हणजे केवळ तोटाच, असेही नव्हे. काही खर्च वाटले जातात. एक दिवा तिघांना उजेड देतो तसा सातांना देतो; एक छप्पर, एक चूल, एक जाते, सगळ्यांना पुरते. मग माणशी मिळकत सारखीच असलेल्या दोन घरांपैकी मोठ्या घराचे भाडे-सरपणावरचे पैसे वाचले पाहिजेत, आणि ते गरीब घरात तरी अन्नाकडे वळून माणशी आहार सुधारला पाहिजे. तर्क बिनतोड आहे. अँगस डीटन आणि क्रिस्टिना पॅक्सन या दोघांनी १९९८ मध्ये अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तैवान, थायलंड, पाकिस्तान आणि दक्षिण आफ्रिका या देशांचे आकडे तपासले, तेव्हा नेमके उलटे आढळले. माणशी खर्च सारखा असताना मोठी कुटुंबे अन्नावर माणशी कमी खर्च करतात, आणि हा फरक गरीब देशांत अधिक ठळक दिसतो. या कोड्याचा उलगडा पंडितांना अद्याप समाधानकारक झालेला नाही. मोठे घर घाऊक घेते म्हणून स्वस्तात मिळवते, त्याच्याकडे वाया कमी जाते, मोठ्या घराचा खर्च पाहणीत नीट नोंदला जात नाही, अशी कारणे सुचविली गेली आहेत. त्यांत तथ्य आहे, पण सगळे कोडे त्यांनी सुटत नाही.

स्वयंपाकघरातून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. काही पदार्थ ताणता येतात, काही येत नाहीत. पाहुणा आला की आमटीत तांब्याभर पाणी वाढते, पेज आणि अंबील पातळ होते, सुकटीचे कालवण रश्शावर भागते. अंडे मात्र ताणता येत नाही. ते सातांत वाटायचे म्हणजे कालवणात फोडून टाकायचे. केळे, पेरू, पेलाभर दूध यांचेही तेच. म्हणून मोठ्या घरात ताणता येणाऱ्या पदार्थांची सरशी होते आणि एकेकट्याने खायच्या वस्तू घरात येतच नाहीत; आल्या तरी कोणा एकालाच मिळतात.

तो एक कोण, हा प्रश्न नाजूक आहे. आजवरचा सगळा हिशेब उंबरठ्यापाशी थांबतो. पाहणी करणारा घरात किती तांदूळ आला हे विचारतो. कोणाच्या पानात किती पडला हे त्याला कळत नाही. पुष्कळ मराठी घरांत पुरुष आधी, मग मुले आणि शेवटी बाया, असा पंगतीचा क्रम होता व कोठे कोठे अजूनही आहे. पातेले भरलेले असेल तर या क्रमाने काही बिघडत नाही. पातेले अपुरे असेल तर तुटवडा कोणाच्या वाट्याला जाणार हे आधीच ठरून जाते. भात तळाशी बहुधा उरतो. डाळीचा दाट भाग, मासळीचा तुकडा, भाजी ही उरत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१५-१६ मध्ये दादरा-नगर हवेलीत पाहिले, तेव्हा पाच वर्षांखालील दहांपैकी सुमारे चार मुले वयाच्या मानाने खुजी आढळली आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी शेकडा ८० हून अधिक मुलांत रक्त कमी होते. कारखान्यांनी गजबजलेल्या प्रदेशातला हा आकडा आहे. गरोदरपणी जिने पातेल्याचा तळ खाल्ला, तिच्या मुलाची सुरुवातच उण्या खात्यावर होते. अस्वच्छ पाणी, वारंवार होणारे जुलाब, जंत आणि बाळंतपणांतले थोडे अंतर यांचाही त्यात वाटा आहे. सगळा दोष ताटावर घालणे बरोबर होणार नाही.

किती खाल्ले म्हणजे पुरे, या प्रश्नावर महाराष्ट्रातल्याच दोन विद्वानांनी एक गाजलेला वाद घातला. पुण्याचे वि. म. दांडेकर आणि त्यांचे सहकारी नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्यावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. दरडोई रोज २,२५० उष्मांक पुरविणारा आहार ज्या खर्चाच्या पातळीवर मिळतो, ती त्यांनी गरिबीची रेषा मानली : १९६०-६१ च्या भावांनी खेड्यात महिन्याला दरडोई पंधरा रुपये आणि शहरात साडेबावीस. या रेषेखाली खेड्यांतील सुमारे चाळीस टक्के आणि शहरांतील सुमारे पन्नास टक्के लोक होते. यावर सातारा जिल्ह्यातील बुधचे सुपुत्र आणि जागतिक अन्न व शेती संघटनेत दीर्घकाळ काम केलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. एकाच माणसाची गरज दर दिवशी सारखी नसते, शरीर काही मर्यादेत कमी अन्नावरही आपला तोल राखते. तेव्हा सरासरीलाच रेषा मानले तर उपाशी नसलेलेही उपाशी मोजले जातात, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूने असे विचारले गेले की, शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते ते काम, वाढ आणि आयुष्य यांची किंमत देऊनच ना? वाद मिटला नाही. पण भूक मोजताना केवळ उष्मांक मोजून भागत नाही, पाणी आणि रोगराई हीही त्या हिशेबात धरावी लागतात, हा सुखात्म्यांचा मुद्दा पुढे टिकला.

पुढच्या आकड्यांनी तर हे चित्र आणखी गुंतागुंतीचे केले. ग्रामीण भारतातील दरडोई रोजचे उष्मांक राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणे १९७२-७३ मध्ये २,२६६ होते. २००४-०५ मध्ये ते २,०४७ वर आले. या काळात मिळकत घटली नव्हती, वाढली होती. डीटन आणि ज्याँ द्रेझ यांनी याचे एक कारण सुचविले ते असे, की नळ, रस्ता, सायकल, पिठाची गिरणी यांमुळे अंगमेहनत घटली, तशी भूकही घटली. ज्या घरात पहाटे जात्यावर दळण होई आणि कोसभरावरून पाणी येई, त्या घरातल्या बाईला ही उपपत्ती पटायला वेळ लागणार नाही. एंगेलचा नियमही खरा ठरत राहिला. १९९९-२००० मध्ये खेड्यांतील खर्चापैकी शेकडा ५९ भाग अन्नावर जात होता, २०२२-२३ मध्ये ४६. त्यात धान्याचा वाटा २२ च्या आसपास होता, तो ५ च्याही किंचित खाली आला. मात्र पेये आणि तयार खाद्यपदार्थ यांनी जवळजवळ दहावा हिस्सा व्यापला. धान्याने मोकळी केलेली जागा दूध, अंडी व फळे यांनी काही अंशी घेतली आणि पुडीने बरीच घेतली.

धान्य द्यावे की पैसे, हा प्रयोगही याच प्रदेशाने पाहिला आहे. चंडीगड व पुदुच्चेरी येथे २०१५ मध्ये आणि दादरा-नगर हवेलीच्या नागरी भागात २०१६ मध्ये धान्याऐवजी रोख रक्कम बँकेच्या खात्यात भरण्यास सुरुवात झाली. तत्त्वतः यात निवड वाढते; ज्याला तांदूळ नको त्याला डाळ घेता येते. प्रत्यक्षात पहिल्या काळात खात्यात पैसे आले की नाही हेच अनेकांना कळत नव्हते, आणि तेवढेच धान्य बाजारातून आणायला रक्कम अपुरी पडे. पुढे व्यवहार सुरळीत होऊ लागला तसा रोखीकडे कलही वाढला. धान्य आणि पैसा यांत आणखी एक भेद आहे. पस्तीस किलोंचे पोते घरी आले की ते चुलीकडेच जाते. खात्यातल्या पैशाला वाटा पुष्कळ असतात. म्हणूनच कायद्याने शिधापत्रिकेपुरती घराची प्रमुख म्हणून अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीला मान दिला, ही तरतूद महत्त्वाची आहे.

मोठ्या कुटुंबाच्या गणिताला खरा उतार पडतो तो घराबाहेरच्या ताटाने. शाळेत शिजवलेले जेवण द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. दुसऱ्या कल्पित घरातील तीन मुले शाळेत दुपारी जेवली, तर त्या वेळेपुरते सातांचे घर चारांचे होते, आणि उरलेल्या पातेल्यात म्हातारीचा व आईचा वाटा वाढतो. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी अंगणवाडीतून आहार मिळण्याचा हक्कही २०१३ च्या कायद्यानेच दिलेला आहे. घरात नवे मूल जन्मले की प्राधान्य पत्रिकेवरचे धान्य पाच किलोंनी वाढते. परंतु ते जन्माच्या दिवसापासून नव्हे, तर मुलाचे नाव पत्रिकेवर चढल्यानंतर. जन्माचा दाखला घेऊन पुरवठा कार्यालयात ते नाव घालून घ्यावे लागते. अंत्योदय पत्रिकेवर नाव चढले तरी पस्तीसचे पस्तीसच राहतात.